मॉर्या शेवटी रडत का नाही?

प्रश्न असा आला आहे: "ताई, आम्ही कोल्हापुरातली आठ-दहा मुलंमुली 'रायडर्स टू द सी' ही एकांकिका मराठीत बसवतोय. शेवटच्या मुलाचं प्रेत समोर असताना आई शांत होते, ते आमच्या तालमीत कोरडं वाटतंय. ती हरते की स्वीकारते? नियती रंगमंचावर दाखवायची कशी? आणि आमच्यापैकी कुणीच समुद्रकाठचं नाही, मग हे दुःख आणायचं कुठून?"

मी ही आई दोनदा केली. पहिल्यांदा ३४व्या वर्षी, दुसऱ्यांदा ६१व्या. मधे एकदा दिग्दर्शनही केलं. पहिला प्रयोग केशवराव भोसले नाट्यगृहात होता आणि मी प्रवेश केल्यापासून रडत होते. प्रेक्षकांतून हुंदके ऐकू आले, लोकांनी आत येऊन पाठ थोपटली, मला वाटलं भूमिका सापडली. रंगपटात तोंड धूत होते तेव्हा तिथं झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, लेकराचं मढं आलं तवा तुमच्याजवळ रडाय कायबी उरलंच न्हवतं." त्यांनी एकांकिका वाचलेली नव्हती. विंगेतून जेवढं दिसलं तेवढ्यावर त्या बोलल्या, आणि ते मला पुरतं कळायला दुसरा प्रयोग यावा लागला. तुमच्या शेवटच्या पाच मिनिटांत जे कोरडं वाटतंय, त्याची चूक बहुतेक आधीच्या पंचवीस मिनिटांत आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन मिलिंग्टन सिंग हा आयरिश नाटककार १८९८ पासून लागोपाठ पाच वर्षं, दरवर्षी काही आठवडे, आयर्लंडच्या पश्चिमेच्या अ‍ॅरन बेटांवर जाऊन राहिला, तिथली भाषा शिकला, माणसांत बसला. त्या राहण्यातून ही एकांकिका आली. पहिला प्रयोग डब्लिनमध्ये २५ फेब्रुवारी १९०४ ला झाला. पुढं पाच वर्षांत, ३७व्या वर्षी, सिंग गेला. गोष्ट एका झोपडीतली. म्हातारी मॉर्या, कॅथलीन आणि नोरा या दोन मुली, आणि हयात असलेला एकच मुलगा, बार्टली. सासरा, नवरा आणि चार मुलं समुद्रानं आधीच नेली आहेत. पाचवा, मायकेल, नऊ दिवसांपासून बेपत्ता आहे. दूर उत्तरेला डोनेगॉलच्या किनाऱ्याला लागलेल्या एका प्रेताच्या अंगावरचे कपडे पाद्र्यानं ओळख पटवायला पाठवलेत आणि मुलींनी ते गाठोडं आईपासून लपवून ठेवलंय. बार्टली घोडे विकायला गॉलवेच्या जत्रेला निघतो. आई अडवते, तो ऐकत नाही. अर्ध्या तासाच्या आत त्याचं प्रेत घरात येतं.

आता तुझा पहिला प्रश्न. ती हरते का, स्वीकारते का, या दोन्ही शब्दांत मी बरीच वर्षं अडकले होते. मला ज्या शब्दानं वाट दाखवली तो आपल्या घरातला आहे: धास्ती. ही बाई तीस-चाळीस वर्षं धास्तीत जगली आहे. वारा कुठून सुटलाय, भरती कधी आहे, दारात कुणाची सावली पडली, हे तिला झोपेतही कळतं. मुलगा घरात असतानाही ती त्याला धड बघू शकत नाही, कारण तो जाईल हे तिच्या डोळ्यांपुढं आधी येतं. बार्टली गेल्यावर समुद्राला तिच्याकडून नेण्यासारखं काही राहिलं नाही, आणि त्याबरोबर धास्तीही गेली. शोक तिथंच आहे, तिच्या मांडीवर बसलाय. वाऱ्याकडे लागलेला कान तेवढा सुटला. शेवटी ती म्हणतेच की आता रात्री मला झोप लागेल, वारा दक्षिणेचा असो की दुसरा कुठला, मला काय त्याचं. हे वाक्य संताच्या आवाजात म्हटलंस तर खोटं वाटेल. खूप दिवस जागरण झालेल्या बाईच्या आवाजात म्हण.

म्हणून तुमच्या मॉर्याला मी पहिलं काम हे देईन की तिनं पहिल्या मिनिटापासून ऐकत राहायचं. सुरुवातीला रडणं नको, कण्हणं नको. बोलताना, चुलीपाशी उगाच राख सारताना, पोरींवर खेकसताना तिचा एक कान दाराकडे. चुलीतला विस्तव ती विनाकारण विसकटते, नोरा तिला त्यावरून बोलते. सिंगनं हे लिहूनच ठेवलंय. धास्तावलेल्या माणसाचे हात असेच नको तिथं चालतात. ही धास्ती प्रेक्षकाला दिसली असेल तर शेवटी तिचा कान दाराकडून सुटलेला त्याला आपसूक दिसेल. आधी दिसली नसेल तर शेवटची शांतता कोरडी वाटणारच.

नियतीबद्दल तू विचारतोस कशी दाखवायची. मी म्हणते दाखवायला जाऊच नकोस. लाटांचे आवाज, निळा प्रकाश, मागं सावल्यांचे घोडेस्वार, हे सगळं मी दिग्दर्शन केलं तेव्हा करून बसले आहे आणि त्यातलं एकही कामाला आलं नाही. या एकांकिकेत नियती सामानसुमानात आहे. भिंतीला टेकवून ठेवलेल्या नव्या पांढऱ्या फळ्या बघ. मायकेलचं प्रेत मिळालं तर त्याच्या शवपेटीसाठी महाग किमतीत आणलेल्या त्या फळ्या पहिल्यापासून प्रेक्षकासमोर उभ्या आहेत, आणि बार्टली त्यांच्यासमोरूनच ये-जा करतो. दोरी बघ. आई म्हणते दोरी राहू दे, मायकेल सापडला तर पेटी खड्ड्यात सोडायला लागेल; मुलगा तिचाच लगाम करून घोडीवर बसतो. काळ्या पायांचं डुक्कर ती कुरतडत होतं म्हणून ती खुंटीला टांगलेली असते, इतकं साधं कारण. आपल्या प्रेक्षकाला हे समजावावं लागत नाही. ज्या घरात तिरडीचे बांबू आणून ठेवलेत त्या घरातून कुणी गावाला निघालं तर कोल्हापुरात कुठलीही आजी उंबऱ्यात आडवी होईल.

आणि हे निघणं. इथं मराठीनं मला एक देणं दिलं, ते मी तुला देते. बार्टली निघताना देवाचा आशीर्वाद असो म्हणून जातो आणि आईच्या तोंडून उलट आशीर्वाद फुटत नाही. पहिल्या वेळी आम्ही 'देव तुमचं भलं करो' असं ठेवलं होतं. कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या वेळी बार्टली फक्त म्हणाला, "येतो." आपल्याकडे कुणी जातो म्हणत नाही. येतो म्हणायचं, आणि घरातल्यानं ये म्हणायचं. त्या 'येतो'नंतर सगळं नाट्यगृह माझ्या 'ये'ची वाट बघत होतं, आणि मी तोंड उघडलं तर आवाज निघाला नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हळूच "ये म्हण की" म्हटलेलं मला ऐकू आलं. कॅथलीन नंतर आईला टाकून बोलते की जाणाऱ्याच्या पाठीमागं असा अपशकुनी शब्द का काढलास, तेही मग अंगाला झोंबतं. मागून हाक मारू नये, कुठं चाललास विचारू नये, हे आपल्यात इतकं मुरलेलं आहे की भाषांतराची गरज नाही.

पुष्कळ समीक्षक म्हणतात की मॉर्याच्या हातून काही चूक घडत नाही, ती नुसती सोसते, मग ही शोकांतिका कशी? मी पंडित नाही, पण रंगमंचावर उभं राहून सांगते, त्या न उच्चारलेल्या 'ये'चा भार तिच्यावर शेवटपर्यंत असतो. त्या शब्दानं मुलगा वाचला असता असं सिंग कुठं म्हणत नाही. आईला मात्र तसं वाटत राहणार, आणि पुरेसं आहे ते.

आता भाकरी. मुली आईला पिटाळतात की झऱ्याच्या वाटेनं जा, तो तिकडून जाईल, त्याला भाकरी दे आणि तुटलेला शब्द सांध. ती मायकेलची काठी टेकत जाते. जाताना म्हणते की मोठ्या जगात म्हातारी माणसं पोरांसाठी काहीबाही मागं ठेवतात, इथं पोरं म्हाताऱ्यांसाठी ठेवून जातात. हे वाक्य जपून म्हणा, हळहळ न आणता, काठीकडे बघत. ती परत येते तेव्हा भाकरी तिच्या हातात तशीच आहे. मुलींचं लक्ष तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे गेलं पाहिजे. आम्ही फडक्यात खरी ज्वारीची भाकरी बांधली होती. मी चुलीपाशी बसले, गाठ सुटली, भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला आणि कॅथलीन करणारी मुलगी तो उचलून तसाच धरून उभी राहिली. पुढं पेटी करणाऱ्या म्हाताऱ्याला कॅथलीनच सांगते की काम करता करता खायला ताजी भाकरी आहे. ज्याच्यासाठी थापली त्याच्या पोटात गेली नाही, त्याची पेटी करणारा ती खाणार. आपल्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारच्या बायका पिठलं-भाकरी आणतात. इथं चूल पेटलेली होती, भाकरी झालेली होती. ते वाक्य घाईत उरकू देऊ नकोस.

मोज्याचा प्रसंग मला या एकांकिकेतला सगळ्यांत भारी वाटतो. गाठोड्यातला सदरा मायकेलचा की कुणाचा, ठरत नाही. तसलं कापड कितीकांच्या अंगावर असेल. मग नोरा मोजा हातात घेऊन टाके मोजते. तिसऱ्या जोडीतला हा दुसरा, साठ टाके घातले होते, त्यातले चार सोडले होते. तेवढेच भरतात. भावाचा मृत्यू पोरीला आपल्याच वीणकामातल्या चार सुटलेल्या टाक्यांतून कळतो. (लोक सांगतात की त्या बेटांवर प्रत्येक घराची स्वेटरची वीण वेगळी असे, बुडालेल्याची ओळख पटावी म्हणून. ही दंतकथा आहे, आणि ती पसरायला बहुधा हीच एकांकिका कारण झाली. इथं नक्षी नाही, साधा मोजा आहे आणि एका पोरीची आठवण आहे.) दिग्दर्शन करताना मी नोराच्या मुलीला महिनाभर विणायला बसवलं. आधी ती मोजण्याचा अभिनय करायची, बोटं वरवर फिरायची. एका तालमीत तिनं खरंच मोजलं. बारा, सोळा, वीस. मधेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तो वेळ आम्हाला सगळ्यांना असह्य झाला, आणि तोच ठेवला. ती रडली आकडा जुळल्यानंतर, तेही आवाज न करता, कारण आई कुठल्याही क्षणी आत येईल. लपवून रडणाऱ्या मुलींचं दुःख आणि झऱ्यावरून परतल्यावर हेल काढून रडणाऱ्या आईचं दुःख, दोन्ही एकाच खोलीत असू दे.

घोड्यांचं थोडक्यात सांगते. मॉर्या झऱ्यापाशी काय बघते? तांबड्या घोडीवर बार्टली आणि मागच्या करड्या शिंगरावर मायकेल, अंगावर चांगले कपडे, पायांत नवे जोडे. बायबलच्या शेवटच्या भागात फिकट घोड्यावर मृत्यू बसून येतो, तो संदर्भ तिथल्या प्रेक्षकाला असणार. आपल्या प्रेक्षकाला नसला तरी अडत नाही. नवे जोडे पुरेत. गेलेला माणूस स्वप्नात नव्या कपड्यांत दिसला तर आपल्या घरांत काय बोलतात, ते तुझ्या आजीला विचार. मी ते भाषण डोळे विस्फारून केलं होतं पहिल्यांदा. दुसऱ्यांदा कुणाला तरी बाजारात बघितल्यासारखं सांगितलं. ते जास्त भीतिदायक झालं.

त्यानंतर मेलेल्यांची नावं येतात आणि इथं सिंगची सगळी ताकद आहे. स्टीफन आणि शॉन मोठ्या वाऱ्यात गेले, एका फळीवर दोघांना आणलं. शेमस, त्याचा बाप आणि बापाचा बाप एका काळ्या रात्री गेले, उजाडल्यावर काडीही दिसली नाही. पॅच उलटलेल्या होडीतून गेला. पॅचचं सांगताना ती म्हणते की बार्टली तान्हा होता, माझ्या मांडीवर होता, आणि बायका आत आल्या, दोन, तीन, चार, काही न बोलता. मागून माणसं तांबड्या शिडाच्या तुकड्यात काहीतरी घेऊन आली, पाणी ठिबकत होतं, दारापर्यंत ओल उठली होती. ती हे बोलत असताना खरोखरच बायका आत येऊ लागतात. डोक्यावरून तांबडे घागरे ओढलेल्या. म्हातारीला कळत नाही हे आठवतंय की घडतंय. ती विचारते, हा पॅच की मायकेल, का कोण? नियती तुला दाखवायचीच असेल तर ती इथं आहे: तेच पुन्हा, त्याच दारातून, त्याच चालीनं. बायकांना रांगेत आणू नकोस. पहिली आली की प्रेक्षकाला वाटलं पाहिजे ती आठवणीतली आहे. तिसरीला शंका यावी. पाचवीच्या पायाचा आवाज ऐकू यावा.

ती नावं कशी घ्यायची हे मला रंगमंचाबाहेर कळलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं ते घर, आम्ही खासबागेच्या बाजूला उभं राहून बघत होतो. रडणारे खूप होते. माझ्या शेजारी एक जुने रंगभूषाकार उभे होते, ते रडत नव्हते, मोजत होते. डाव्या विंगेतली ती पायरी. वरची गॅलरी. रंगपटातला तो आरसा. एकेक वस्तू, सपाट आवाजात, मधे थांबून. मोठं दुःख माणसाला यादी करायला लावतं. मॉर्याची नावं तशी घ्या. त्यांना चाल लावू नका.

समुद्र कुठून आणायचा? अरे, कोल्हापूरला पाण्याची धास्ती शिकवावी लागते का? पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी घराघरात विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा चिखली-आंबेवाडीची माणसं होड्यांतून काढली. तुमच्यातल्या निम्म्या घरांत ती आठवण असेल. तुमच्या आईनं त्या रात्री काय केलं ते प्रत्येकानं तालमीत सांगा. रडली का, हे विचारू नका; हातांनी काय केलं ते विचारा. माझी एक नटी म्हणाली, तिची आई रात्रभर पायरीवर खडूनं खूण करत होती आणि पाणी खुणेवर आलं की वरच्या पायरीवर नवी. ती मुलगी माझी कॅथलीन झाली आणि तिला मी समुद्राबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. तरी जमलं तर एकदा मालवण-वेंगुर्ल्याकडे जाऊन या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि बायका निवांत बोलतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना त्यांचे चेहरे बघा.

भाषेचं. मालवणीत करू नका असं मी सांगेन. ती बोली गोड आहे, पण आपल्या भागातला प्रेक्षक ती रंगमंचावर ऐकली की हसायला तयार होतो, आणि नटांना ती येतही नाही. प्रमाण मराठीत केलीत तर निबंध होईल. सिंगचं इंग्रजीही पुस्तकी नाही, आयरिश बोलीच्या वळणानं चालणारं आहे. तुमच्या आज्यांची बोली घ्या, फार ठसका न आणता. आणि आईला 'आई'च म्हणा. मॉर्या हे नाव इथं उच्चारलंत तर लोकांना गणपती आठवेल.

नियती, प्राक्तन हे शब्द संहितेत कुठंही नकोत. आपल्याकडच्या बायका सटवीनं कपाळी लिहिलं म्हणतात, ते तिच्या तोंडी घालायचा मोह मला झाला होता आणि मी तो काढून टाकला. कारण मॉर्या कुणी लिहिलं हे म्हणतच नाही. तरुण पाद्री सांगून गेलाय की देव हिला निपुत्रिक ठेवणार नाही. ती म्हणते, त्याच्यासारख्याला समुद्राचं काय कळतं. बस्स. देवाशी भांडण नाही, समुद्राला शिव्या नाहीत. माणूस कायमचा जगत नाही, एवढं बोलून ती थांबते.

शेवटच्या हालचाली संहितेप्रमाणेच ठेवा: मायकेलचे कपडे बार्टलीच्या पायांवर घालणं, पवित्र पाणी शिंपडणं, रिकामा पेला टेबलावर पालथा ठेवणं. पेला ठेवल्याचा आवाज यायला हवा, पण आपटू नका. आणि त्याच्या अलीकडे एक जागा आहे ती हातची घालवू नकोस. म्हातारा विचारतो खिळे आहेत का. नाहीत. दुसरा एकजण म्हणतो नवल आहे, एवढ्या पेट्या करताना बघितल्यात हिनं आणि खिळे कसे लक्षात आले नाहीत. कॅथलीन सांगते, म्हातारी झालीय, खचलीय. सगळे हे खरं मानतात. मला नाही वाटत. महागाच्या फळ्या आणल्या आणि दोन पैशांचे खिळे तेवढे राहिले? फळ्या होत्या तोवर त्या फळ्याच होत्या, खिळे आणले असते की पेटी झाली असती. दुसऱ्या प्रयोगात खिळ्यांचा शब्द आला तेव्हा मी मायकेलचा सदरा सारखा करत होते. हात तिथंच थांबवला, कुणाकडे बघितलं नाही, आणि मग बाही सरळ केली.